मंडळी आणि मंदिर
महाराष्ट्रांतील रिफॉर्म्ड ख्रिस्ती उपासनास्थळांच्या इतिहासलेखनाचें परीक्षण

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती उपासनास्थळांविषयीं इतिहासरूपानें जें कांहीं छापून निघालें आहे, त्यांतील एका शाखेच्या वाङ्मयाचें परीक्षण करण्याचा हेतु प्रस्तुत लेखांत धरिला आहे. वसई, साष्टी व गोवें येथील पोर्तुगीज अमदानींतल्या इमारतींवर विद्वानांनीं पुष्कळ परिश्रम केले आहेत. इंग्रजी छावण्यांतील अँग्लिकन देवळांचें वर्णनहि सरकारी ग्रंथांतून सांपडतें. या दोहोंच्या मध्यें जी एक शाखा आहे, ती मात्र उभयपक्षीं उपेक्षित राहिली. झुरिक येथील झ्विंगली व जिनीव्हा येथील कॅल्व्हिन यांच्या शिकवणुकींतून सोळाव्या शतकांत निघालेली, स्कॉटलंडांत प्रेसबिटेरियन व न्यू इंग्लंडांत काँग्रिगेशनल या नांवानें वाढलेली ही रिफॉर्म्ड शाखा होय. आमच्या देशावरील व कोंकणांतील लहानसहान गांवीं जीं दगडी किंवा विटांचीं साधीं ख्रिस्ती मंदिरें दिसतात, त्यांपैकीं बरींच या शाखेचीं आहेत.

या शाखेचा आमच्याकडील इतिहास थोडक्यांत असा. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. त्यांच्या मिशनचें प्रार्थनागृह भेंडीबाजारांत १८२३ सालीं उघडलें. स्कॉटिश रहिवाशांकरितां मुंबईच्या कोटांत सेंट अँड्र्यूजचें देऊळ १८१९ मध्येंच सुरू झालें होतें. परंतु तें कंपनीच्या नोकरांचें, मराठी माणसांचें नव्हे. मराठी लोकांसाठीं स्कॉटिश मिशनऱ्यांनीं १८२३ सालीं बाणकोटाकडे काम आरंभिलें. अमेरिकन मिशनचें अहमदनगर येथील ठाणें १८३१ च्या डिसेंबरांत स्थापन झालें, आणि तेथून पुढें शिरूर, वडाळा, राहुरी अशीं ठाणीं पसरलीं. कोल्हापुरास रॉयल गुल्ड वाइल्डर हे १८५२ सालीं गेले. एवढा हा विस्तार असतां त्याचें स्वतंत्र इतिहासलेखन मराठींत फारच थोडें आहे.

जें आहे तें बहुतेक इंग्रजींत आहे. अमेरिकन मिशनच्या अहमदनगर येथील पन्नासाव्या वर्षाच्या उत्सवांत १८८१ सालीं वाचलेल्या निबंधांचा संग्रह १८८२ मध्यें मुंबईस छापला गेला. हेझन यांनीं शंभर वर्षांचा वृत्तांत १९१३ सालीं प्रसिद्ध केला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे अहमदनगर व पुणें जिल्ह्यांचे भाग अनुक्रमें १८८४ व १८८५ सालचे आहेत. या ग्रंथांचे उपकार कोणीहि नाकारूं नयेत. ते त्या त्या काळचे, आपापल्या प्रयोजनासाठीं लिहिलेले ग्रंथ आहेत. देणगीदारांस हिशेब देणें हें एकाचें प्रयोजन, कलेक्टरास जिल्हा समजावून देणें हें दुसऱ्याचें. आमची तक्रार त्यांच्यावर नसून, त्यांच्या आधारावर हल्लीं ज्या शताब्दीच्या व सार्धशताब्दीच्या स्मरणिका निघतात त्यांच्यावर आहे. त्या मूळ ग्रंथांतील वाक्यें भाषांतरून घेतात, त्यांत छायाचित्रें घालतात, आणि मूळ ग्रंथकारानें जो प्रश्न विचारलाच नव्हता त्याचेंहि उत्तर त्याच्याच तोंडीं घालतात.

हा प्रश्न म्हणजे इमारत कधीं बांधली, हा होय. मिशनच्या वार्षिक अहवालांतील कोष्टकांत प्रत्येक ठिकाणापुढें एक साल दिलेलें असतें. तें साल मंडळीच्या स्थापनेचें असतें. म्हणजे अमुक इतक्या माणसांनीं एकत्र येऊन, करार करून, प्रभुभोजनास आरंभ केला त्याचें. तेथें त्या दिवशीं भिंत होती कीं झाड होतें, याच्याशीं कोष्टकाला कर्तव्य नाहीं. स्मरणिकाकार तें साल उचलतो, आणि ‘आमचें हें मंदिर अमुक सालचें’ असें त्याखालीं इमारतीचें चित्र छापतो. पुढें कोणी तो आंकडा दगडावर कोरून दर्शनी भिंतींत बसवितो. मग कोणी शोधक येऊन तो दगड वाचतो व शिलालेखाचा पुरावा म्हणून उतरून घेतो. अशा रीतीनें एका कोष्टकांतील रकान्याचा शिलालेख झाला! आमच्या क्षेत्रांत ताम्रपटांच्या बाबतींत ही लबाडी आपणांस परिचित आहे. येथें लबाडी नसून अनवधान आहे, परंतु परिणाम तोच.

या अनवधानाचें मूळ भाषेंत आहे, म्हणून त्याचा थोडा विस्तार करणें अवश्य वाटतें. ग्रीक भाषेंत ‘एक्लेसिया’ म्हणजे बोलावून एकत्र केलेली सभा. त्याच शब्दावरून लॅटिनच्या द्वारें पोर्तुगीज ‘इग्रेज’ व त्यावरून गोव्यांतील ‘इगर्ज’ हा शब्द आला. पण तेथें तो इमारतीचा वाचक होऊन बसला. इंग्रजी ‘चर्च’ हा शब्द दुसऱ्याच ग्रीक मूळाचा, त्याचा अर्थ ‘प्रभूचें घर’. तो मात्र माणसांसहि लागतो आणि घरासहि. मराठी भाषांतरकारांनीं ‘एक्लेसिया’ला ‘मंडळी’ हा प्रतिशब्द योजिला, आणि माझ्या मतें सबंध ख्रिस्ती मराठी परिभाषेंत याहून समर्पक निवड दुसरी नाहीं. संस्कृत ‘मण्डली’ म्हणजे समुदाय, वर्तुळ करून बसलेलीं माणसें. भजनी मंडळी म्हटल्यावर कोणाच्या मनांत विटा येत नाहींत. उलट ‘देऊळ’ हा शब्द ‘देवकुल’ यापासून निघालेला, म्हणजे देवाचें राहतें घर. कॅल्व्हिनाच्या अनुयायास हा शब्द अडचणीचाच. त्याच्या मतें देव हातांनीं बांधलेल्या घरांत राहत नाहीं. म्हणून ‘प्रार्थनामंदिर’ व ‘उपासनामंदिर’ अशीं तडजोडीचीं नांवें रूढ झालीं. प्रार्थना समाजानेंहि १८६७ नंतर आपल्या मूर्तिरहित सभागृहांस ‘मंदिर’च म्हटलें, हें येथें स्मरावें. तात्पर्य, मराठींत मंडळी व मंदिर हे दोन स्वच्छ निराळे शब्द असतां, आमचे स्मरणिकाकार इंग्रजींतून भाषांतर करतांना दोहोंच्या जागीं ‘चर्च’ लिहितात आणि आपल्याच भाषेनें करून ठेवलेला भेद पुसून टाकतात.

अहमदनगरचें उदाहरण घ्या. तेथील पहिली मंडळी १८३३ सालची. ज्या बाबाजी नांवाच्या ब्राह्मण ख्रिस्त्याचें चरित्र हॉलिस रीड यांनीं १८३६ सालीं अमेरिकेंत छापिलें, ते बाबाजी त्याच १८३३ सालीं वारले. त्या वेळीं त्या मंडळीपाशीं मोजकीं माणसें होतीं. आज पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढें उभी असलेली कोणतीहि वास्तु त्या सालास नेऊन भिडविणें म्हणजे त्या मूठभर माणसांचा इतिहास विटांस देऊन टाकणें होय. दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. १८४३ च्या मे महिन्यांत स्कॉटलंडच्या राष्ट्रीय मंडळीत फूट पडून स्वतंत्र मंडळी निर्माण झाली. मुंबई-पुण्याच्या स्कॉटिश मिशनऱ्यांनीं स्वतंत्र मंडळीचा पक्ष घेतला. पण इमारतींची मालकी राष्ट्रीय मंडळीकडे. जॉन विल्सन यांच्या पक्षास मुंबईंतील शाळेची इमारत सोडून बाहेर पडावें लागलें. आतां या मंडळीचा इतिहास इमारतीच्या आधारें लिहूं पाहणाऱ्यानें १८४३ सालीं काय करावें? मंडळी एकीकडे गेली, मंदिर दुसरीकडे राहिलें. कोल्हापुरास याच्या उलट प्रकार घडला. तेथील काम अमेरिकन बोर्डानें सोडल्यावर वाइल्डर यांनीं तें स्वतंत्रपणें चालविलें, आणि १८७० सालीं तें अमेरिकन प्रेसबिटेरियन बोर्डाच्या हातीं गेलें. माणसें तींच, स्थळ तेंच. बदलली ती व्यवस्था.

मुळशी खोऱ्यांत, जेथून हा लेख लिहिला जात आहे, हा भेद कोणास समजावून द्यावा लागत नाहीं. १९२१ च्या रामनवमीस सुरू झालेल्या सत्याग्रहांत माल्याच्या व आसपासच्या शेतकऱ्यांनीं जमिनीसाठीं झगडा केला. पुढें धरणाचें पाणी चढलें व गांवठाणें बुडालीं. परंतु त्या गांवांचीं कुळें व आडनांवें पाण्याखालीं गेलीं नाहींत, आणि त्यांचा इतिहास लिहावयाचा तर तो माणसांच्या मागोमाग जाऊनच लिहावा लागतो.

आतां स्थापत्याकडे वळूं. या मंदिरांविषयीं जें थोडें लिहिलें जातें, त्यांत ‘साधी इमारत’, ‘विशेष कलाकुसर नाहीं’ असे शेरे वारंवार आढळतात. हे शेरे मारणाऱ्याच्या मनांत कुलाब्याचें १८५८ सालचें अफगाण चर्च किंवा पुण्याच्या पंचहौदाचा मनोरा असतो. तीं अँग्लिकन मंदिरें होत. त्यांचें प्रयोजन निराळें, त्यांची वेदी निराळी. त्या मापानें रिफॉर्म्ड मंदिर मोजणें म्हणजे कीर्तनाच्या सभामंडपास गाभाऱ्याच्या मापानें मोजून ‘यांत मूर्ति नाहीं’ अशी उणीव काढणें आहे. रिफॉर्म्ड उपासनास्थळ कानासाठीं बांधलेलें असतें, डोळ्यांसाठीं नव्हे. तेथें पाहावयाचें कांहीं नसतें, कारण ऐकावयाचें सर्व असतें. म्हणून ओळखीच्या खुणा भिंतीवर न शोधतां आंतील मांडणींत शोधल्या पाहिजेत. उपदेशपीठ मध्यभागीं, उंचावर, सर्वांस दिसेल असें. त्याच्या पायथ्याशीं प्रभुभोजनाचें मेज, आणि तें खरोखरच मेज, म्हणजे लांकडी, पायांचें, हलविण्याजोगें. दगडी वेदी व तिच्यापुढें चढत्या पायऱ्या दिसल्या तर ती मूळची नव्हे असें समजून तपास करावा. मुलांस बाप्तिस्मा देण्याची चाल असल्यामुळें लहानसें पात्र पुरतें. बुडवून बाप्तिस्मा देण्याचें कुंड आढळल्यास तें बॅप्टिस्ट पंथाचें चिन्ह. पूर्वाभिमुख असण्याचाहि नियम नाहीं. होकायंत्र घेऊन दिशा काढली असतां एवढ्यावरूनहि पुष्कळदां अँग्लिकन व रिफॉर्म्ड यांचा निवाडा होतो. प्रतिमा, मूर्ति, संतांचीं चित्रें मुळींच नसावयाचीं.

बाहेरील आकारावरून पंथ ठरविण्याचा मोह तर सर्वांत फसवा. पुण्याचें १८६७ सालचें ओहेल डेव्हिड हें यहुद्यांचें प्रार्थनालय लोकांत ‘लाल देऊळ’ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्याचा मनोरा पाहून कित्येक परके लोक त्यास ख्रिस्ती मंदिरच समजतात. उंच टोंकदार कमान दिसली कीं ‘गॉथिक’ म्हणावयाचें व गॉथिक म्हटलें कीं जुनें ठरवावयाचें, ही संवय लेखकांनीं सोडली पाहिजे. पाथरवटास जी कमान ठाऊक, किंवा ज्या कमानीचा नमुना साहेबानें त्यास दाखविला, ती त्यानें घातली.

कालनिर्णयास कमानींपेक्षां छप्पर अधिक उपयोगी. मंगलुरी कौलांचा कारखाना बासल मिशननें मंगळूर येथें १८६५ सालीं काढला. (बासल हें स्वतः रिफॉर्म्ड पंथाचें जुनें नगर आहे, हा योगायोग जातां जातां नमूद करावासा वाटतो.) म्हणून ज्या मंदिरावर मूळचें म्हणून मंगलुरी कौलांचें छप्पर दाखविलें जातें आणि ज्याची तिथि १८५० च्या आसपास सांगितली जाते, त्याच्या बाबतींत छप्पर नंतरचें किंवा तिथि खोटी, यांपैकीं एक मान्य केलेंच पाहिजे. कौलांच्या पाठीवर कारखान्याचें नांव उमटविलेलें असतें. छपराची डागडुजी चालू असतां एक कौल उलटें करून पाहावें. नाण्यांवरील अक्षरें लावणाऱ्या आमच्या मित्रांस हें काम कठीण नाहीं. एका कौलावरून संबंध इमारत तोलूं नये, हें सांगणें नलगे, कौलें बदलतात. वाशांचें सागवान, भिंतीची जाडी, दरजांतील चुना किंवा सिमेंट, हें सर्व एकत्र पाहून मत बनवावें.

पुणें जिल्ह्यांतील शिरूर म्हणजे घोडनदी हें गांव या दृष्टीनें कोणी तरी सविस्तर अभ्यासावें. तें प्रथम लष्करी ठाणें. कोरेगांवच्या लढाईस गेलेली स्टाँटनची तुकडी १८१७ च्या ३१ डिसेंबरास येथूनच निघाली. अमेरिकन मिशन तेथें १८४० नंतरच्या दशकांत आलें, म्हणजे छावणीचें ख्रिस्तीपण व मिशनचें ख्रिस्तीपण हे दोन थर एकाच गांवांत एकावर एक बसलेले आहेत. त्यांची गल्लत करणारें लिखाण मीं वाचलें आहे. त्या दोहोंहून निराळा तिसरा थर तर फारच विलक्षण. शिरूरच्या दफनभूमींत कर्नल वॉलेस यांची १८०९ सालची कबर आहे, आणि आसपासचे हिंदु लोक त्यास ‘सत्पुरुष’ म्हणून नवस बोलत, असें गॅझेटियर सांगतें. मृताच्या थडग्यास कसलेंहि पावित्र्य न मानणारा रिफॉर्म्ड पंथ एका बाजूस, आणि एका फिरंगी सेनापतीस देवपण देणारें गांव दुसऱ्या बाजूस! या दोहोंच्या शेजारीं राहून शिरूरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीनें काय मानिलें व काय टाकिलें, याचा विचार कोणत्याहि स्मरणिकेंत दिसत नाहीं.

या सर्व लेखनांतील दुसरा मोठा दोष म्हणजे मराठी माणसांचें त्यांतील स्थान. प्रकरणें मिशनऱ्यांच्या नांवांनीं पडतात: अमक्याचा काळ, तमक्याचा काळ. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४ च्या अखेरीस येथें आले. देशी पाळक नेमावे, त्यांचें वेतन मंडळीनें द्यावें, असें त्यांचें धोरण. त्याच साली अहमदनगरास हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. एवढें स्मरणिकांत येतें. परंतु त्या वेतनासाठीं खेड्यांतील महार-मांग कुटुंबांनीं काय दिलें, तें मात्र येत नाहीं. खेड्यांतील मंदिर पुष्कळदां आठवड्याचे सहा दिवस शाळा असे व रविवारीं उपासनास्थळ होई. गांवाच्या पांढरींत त्यास जागा मिळाली कीं गांवाबाहेर वस्तीलगत, या एका गोष्टींत त्या गांवाचा अर्धा इतिहास सांठविलेला असतो. तसेंच कीर्तनाचें. १८६० नंतर अहमदनगरच्या मंडळींत ख्रिस्ती कीर्तनाची चाल पडली व कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनीं ती वाढविली. टाळ-मृदंग घेऊन उभा राहणारा कीर्तनकार व त्याभोंवतीं जमिनीवर बसलेले श्रोते यांस सामावून घेणारी जागा न्यू इंग्लंडच्या बांकांच्या सभागृहाहून निराळी असणारच. नारायण वामन टिळकांनीं तर १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यास इमारतीची गरजच भासली नाहीं. रिफॉर्म्ड तत्त्वाचा एवढा तर्कशुद्ध शेवट मिशनच्या लोकांसहि मानवला नाहीं, हा मोठा विनोद आहे.

याचें कारण साधनांचा एकांगीपणा. अमेरिकन बोर्डाचीं कागदपत्रें हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयांत, स्कॉटिश मिशनचीं एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत, प्रेसबिटेरियनांचीं फिलाडेल्फियास, अशीं नीट लावून ठेवलेलीं आहेत. तीं सर्व मिशनऱ्यांनीं मायदेशीं लिहिलेलीं. मंडळीनें स्वतःसाठीं मराठींत जें लिहिलें, तें दफ्तर मात्र येथल्या कपाटांत आहे: बाप्तिस्म्याची व विवाहाची नोंदवही, सभेचें कार्यवृत्त, वर्गणीची वही, शिस्तभंगाच्या चौकशा. जुनीं पानें कांहीं ठिकाणीं मोडींत असतात. वाळवी बालबोध व मोडी असा भेद करीत नाहीं.

संग्राहकांची वागणूकहि येथें निर्दोष नाहीं. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्याचीं जुनीं पुस्तकें हौसेनें विकत घेतलीं जातात, आणि तें योग्यच आहे. निर्णयसागराचे जावजी दादाजी त्याच छापखान्यांत टाईपाचें काम शिकले. ज्यानें निर्णयसागरी अक्षरांत काव्यमाला वाचली, त्या प्रत्येक संस्कृताभ्यासकावर हें ऋण आहे. परंतु छापील पुस्तकाच्या आणखी प्रती कोठें तरी असतात. हस्तलिखित नोंदवही एकच असते. तिच्याकडे मात्र ‘हीं तर धर्मांतरितांचीं नांवें’ म्हणून पाठ फिरविली जाते. देशमुखांच्या दफ्तरांतील महारकीच्या वतनाचा कागद आपण जपून ठेवतों. त्याच वतनदाराच्या नातवानें मंडळींत काय वर्गणी दिली याचा कागद कोणत्या न्यायानें कमी मोलाचा?

मात्र मूळ वही कोणीहि उचलून आपल्या संग्रहांत नेऊं नये. ती मृत पोथी नव्हे. विवाहाचा किंवा जन्माचा दाखला तिच्यावरून आजहि काढावा लागतो, आणि ती ज्यांची आहे ती माणसें हयात आहेत. नक्कल करावी, छायाचित्रें घ्यावींत, पाळकांच्या व वडिलांच्या संमतीनें. शोध कोठें करावा हें मंडळीच्या व्यवस्थेवर अवलंबून असतें. काँग्रिगेशनल पद्धतींत प्रत्येक मंडळी स्वायत्त, म्हणून कार्यवृत्त मंडळीपाशींच मिळावयाचें. तें गेलें कीं गेलें. प्रेसबिटेरियन पद्धतींत वडिलांच्या सभेचें पुस्तक प्रेसबिटरीपुढें तपासणीस जात असे व तेथील नोंदींत त्याचा उल्लेख राही, म्हणून मूळ हरवलें तरी मागमूस लागण्याचा संभव अधिक. १९२४ सालीं या दोन्ही परंपरांच्या मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळींत एकत्र आल्या, आणि १९७० च्या नोव्हेंबरांत नागपुरास अँग्लिकनांसह उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. या प्रत्येक वेळीं दफ्तरें एका कपाटांतून दुसऱ्यांत गेलीं असणार. उपदेशपीठ मध्यावरून बाजूस सरकलें असेल तर तेंहि बहुधा १९७० नंतरच, आणि त्याचा ठराव कार्यवृत्तांत असावयास पाहिजे. जमिनीचीं खरेदीखतें मात्र मंडळीपाशीं शोधूं नयेत. तीं मिशनच्या किंवा विश्वस्तांच्या नांवें होत असत.

नक्कल करणाऱ्यानें प्रथम वर्गणीची वही घ्यावी, मग कार्यवृत्त, आणि नोंदवही शेवटीं. नोंदवहीची प्रत मंडळीस दाखल्यांसाठीं लागत असल्यामुळें ती त्यांतल्या त्यांत जपलेली असते. वर्गणीची वही रद्दींत आधीं जाते. तींत रोख किती व धान्यरूपानें किती आलें हें निराळें टिपावें, आणि भिंत, छप्पर, चुना, गवंडी अशा शब्दांपुढें जी तारीख असेल ती अगदीं जशीच्या तशी उतरून घ्यावी.